स्वतः आयुष्यभर पांढरं नेसल्या, पण महेश्वरला रंगीत साड्यांचं गाव केलं : आई म्हणून अहिल्याबाईंची गोष्ट

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला तुम्ही गेला असाल, तर मंदिराकडे बघताना एक गोष्ट नक्की लक्षात आली असेल. खालचा भाग काळ्या दगडाचा, इंच न् इंच कोरलेला. हत्ती, देवदेवता, नक्षीच्या पट्ट्या, सगळं यादवांच्या काळातलं. पण मान वर केली की शिखराचं बांधकाम एकदम वेगळं दिसतं. खालचं देऊळ एका काळातलं आणि वरचं दुसऱ्याच काळातलं, हे सांगायला इतिहासाचा अभ्यासक लागत नाही.

मंदिराची पडझड झाल्यावर वरचा भाग पुन्हा उभा करून दिला तो अहिल्याबाई होळकरांनी. त्या काळात औंढा निजामाच्या मुलखात होतं. अहिल्याबाई राज्य करायच्या ते दूर नर्मदेकाठी, महेश्वरमधून. म्हणजे जिथं आपला एक पैसा महसूल येत नाही, अशा परक्या मुलखातल्या देवळाला त्यांनी पैसे दिले.

काशी, सोमनाथ, गया, वेरूळ, औंढा. देवळं, घाट, विहिरी आणि धर्मशाळांची ही यादी आपण शाळेपासून ऐकत आलोय. २०२५ साली त्यांच्या जन्माला ३०० वर्षं झाली, तेव्हा तर ती पुन्हा पुन्हा ऐकली.

पण या यादीत बऱ्याचदा एक गोष्ट मागे राहते. ती म्हणजे साडी.

आज हिंगोलीपासून पुण्यापर्यंत कुठल्याही बऱ्या बुटीकमध्ये गेलात, तर महेश्वरी साडी किंवा महेश्वरी कापडाचा ड्रेस दिसतोच. या कापडाची सुरुवात अहिल्याबाईंच्या राजधानीत झाली. आणि गंमत अशी की ज्या बाईने हे रंगीत कापड विणून घेतलं, तिने स्वतः वयाच्या तिशीच्या आत रंग सोडला होता.

त्यांचं कापड, त्यांचं राहणं आणि त्यांचं आईपण, या तीन गोष्टी एकत्र ठेवून अहिल्याबाईंचं आयुष्य बघितलं, तर पुतळ्यापेक्षा वेगळी बाई दिसते. तीच ही गोष्ट.

चौंडीची मुलगी होळकरांच्या घरात

३१ मे १७२५. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावात त्यांचा जन्म झाला. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. मुलींना लिहायला-वाचायला शिकवायची पद्धत नव्हती, त्या काळात वडिलांनी त्यांना अक्षरओळख करून दिली.

चौंडीच्या देवळात मल्हारराव होळकरांनी या चुणचुणीत मुलीला पाहिलं आणि तिथंच सून म्हणून पसंत केलं, असं सांगतात. १७३३ साली मल्हाररावांचे एकुलते एक चिरंजीव खंडेराव यांच्याशी त्यांचं लग्न झालं. वय आठ.

सासर साधंसुधं नव्हतं. मल्हारराव हे पेशव्यांचे सगळ्यात मोठ्या सरदारांपैकी एक. आयुष्य घोड्यावर गेलेलं. घर आणि घरामागचा हिशोब सांभाळायच्या त्या सासूबाई, गौतमाबाई.

इथं एक शब्द समजून घ्यायला हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. तो शब्द म्हणजे 'खासगी'.

होळकरांच्या उत्पन्नाचे दोन भाग होते. एक दौलतीचा, म्हणजे राज्याचा. त्यातून फौज, लढाया, पेशव्यांचा हिस्सा हे सगळं चालायचं. दुसरा भाग खासगीचा. १७३४ साली पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावाने काही महाल वेगळे तोडून दिले. ते उत्पन्न बाईचं. पुढे गौतमाबाईंनंतर ही खासगी अहिल्याबाईंकडे आली.

देवळं आणि घाट यांना लागलेला पैसा प्रामुख्याने या खासगीतला होता. म्हणजे औंढ्याच्या शिखराला लागलेला पैसा हा एका सासूने सुनेच्या हाती दिलेला, बायकांच्या नावचा पैसा होता. अठराव्या शतकात स्वतःच्या नावावर उत्पन्न असणं आणि ते कुठं खर्च करायचं हे स्वतः ठरवता येणं, ही किती मोठी गोष्ट होती हे वेगळं सांगायला नको.

एकोणतिसाव्या वर्षी रंग संपला

१७४५ साली मुलगा झाला, मालेराव. १७४८ साली मुलगी झाली, मुक्ताबाई.

१७५४ साली मराठ्यांनी राजस्थानातल्या कुंभेरच्या किल्ल्याला वेढा घातला होता. आत सूरजमल जाट, बाहेर मल्हारराव आणि खंडेराव. या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाई तेव्हा एकोणतिशीला टेकल्या होत्या. मालेराव नऊ वर्षांचा आणि मुक्ता सहा वर्षांची.

खंडेरावांच्या इतर बायका सती गेल्या. अहिल्याबाईंनीही तीच तयारी केली होती. पण मल्हारराव आडवे आले. पोरगा गेला, आता सूनही गेली तर या म्हाताऱ्याने कुणाकडे बघायचं, असा त्यांचा आकांत होता. अहिल्याबाई थांबल्या. जनलज्जेपेक्षा सासऱ्यांचं आणि पोरांचं पारडं जड ठरलं.

हा प्रसंग लक्षात ठेवा. सदतीस वर्षांनी तो उलट्या बाजूने परत येतो.

त्या दिवसानंतर अहिल्याबाईंच्या अंगावर रंगीत वस्त्र चढलं नाही. सर जॉन माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीसेक वर्षांनी माळव्यात फिरून, त्यांना पाहिलेल्या माणसांना विचारून माहिती गोळा केली आणि १८२३ साली पुस्तकात छापली. त्यात त्यांच्या राहणीचं वर्णन आहे. मध्यम उंची, अंगाने सडपातळ. नवरा गेल्यापासून पांढरं वस्त्र. दागिना म्हणाल तर गळ्यात एक छोटी माळ.

एवढ्या मोठ्या दौलतीची मालकीण, आणि अंगावर एवढंच.

विधवेने पांढरं नेसायचं हा त्या काळचा रिवाज होता, त्यामुळे ही सगळी त्यांची स्वतःची निवड होती असं म्हणता येणार नाही. पण रिवाजाने दिलेल्या या साधेपणाचं त्यांनी काय केलं, ते बघण्यासारखं आहे. दरबारात समोर बसलेले सरदार, वकील, सावकार भरजरी पागोट्यांत असायचे आणि निर्णय देणारी बाई पांढऱ्या साडीत. ती साडीच त्यांची ओळख झाली. आजही चित्रात पांढरी साडी, डोक्यावर पदर आणि हातात पिंड दिसली की खाली नाव वाचायची गरज पडत नाही.

त्यांच्या दिसण्याबद्दलचा एक किस्साही माल्कमने नोंदवलाय. राघोबादादांची बायको आनंदीबाई दिसायला देखणी म्हणून प्रसिद्ध होती. अहिल्याबाईंचं एवढं नाव कानावर येतंय तर ती दिसते तरी कशी, हे बघायला तिने आपली एक दासी पाठवली. दासी परत आली आणि म्हणाली, की बाई नाकीडोळी देखणी नाही, पण चेहऱ्यावर वेगळंच तेज आहे. आनंदीबाईने यातलं पहिलं अर्धं वाक्य तेवढं घेतलं आणि तिचं समाधान झालं.

मुलगा, आणि एका कशिदाकाराचा खून

खंडेरावांच्या नंतर मल्हाररावांनी सुनेला कारभारात ओढलं. ते मोहिमेवर असले की मागचा वसूल, पत्रव्यवहार, दारूगोळ्याची तजवीज हे सगळं अहिल्याबाई बघायच्या. १७६६ च्या मे महिन्यात मल्हारराव गेले. दौलत आली नातवाकडे, एकवीस वर्षांच्या मालेरावाकडे.

मालेराव हा अहिल्याबाईंच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड विषय आहे. त्यांच्यावरच्या भाषणांत तो बहुधा येतच नाही. आला तर एका वाक्यात येतो, आणि ते वाक्य बऱ्याचदा चुकीचं असतं. अन्याय केला म्हणून पोटच्या पोराला आईने हत्तीच्या पायी दिलं, अशी एक गोष्ट रंगवून सांगितली जाते. ऐकायला ती भारी वाटते. पण माल्कमने जे लिहिलंय ते वेगळंच आहे, आणि त्यातली आई जास्त खरी वाटते.

मालेरावाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आई ब्राह्मणांना दानधर्म करायची आणि हा दान द्यायच्या कपड्यांत, जोड्यांत विंचू लपवून ठेवायचा. लोकांना डंख बसला की हसायचा. आई रडायची, समजावायची, पण उपयोग शून्य.

मग एक दिवस हद्द झाली. कापडावर भरतकाम करणाऱ्या एका कशिदाकाराचे वाड्यातल्या एका बाईशी संबंध आहेत, असा संशय मालेरावाला आला आणि त्याने त्या कारागिराला ठार केलं. नंतर कळलं, की तो माणूस निर्दोष होता.

या गोष्टीने मालेराव पुरता कोसळला. आजारी पडला, भ्रमिष्ट झाला. मेलेला कशिदाकार आपल्या अंगात शिरलाय असं तो बोलू लागला, आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणे सगळ्यांचा त्यावर विश्वास बसला.

अहिल्याबाई त्याच्या उशाशी बसून राहिल्या. दिवस आणि रात्र. लेकाच्या तोंडून बोलणाऱ्या त्या भुताची त्या विनवणी करत होत्या. तुझं देऊळ बांधते, तुझ्या घरच्यांना कायमचं उत्पन्न लावून देते, पण माझ्या पोराला सोड. उत्तर एकच येत राहिलं. मी निर्दोष होतो, त्याने मला मारलं, मी त्याला नेणार.

१७६७ साली मालेराव गेला. गादीवर येऊन वर्षही झालं नव्हतं.

भुताखेताचा भाग बाजूला ठेवा. उरतं ते हे. पोटचा मुलगा गुन्हेगार आहे हे आईला माहीत आहे. ज्याचा जीव गेला त्याचं कुटुंब उघड्यावर पडलंय हेही माहीत आहे. आणि तरी तिला मुलगा जगायला हवाय. न्यायासाठी ओळखल्या जाणाऱ्या बाईची यापेक्षा कठीण परीक्षा दुसरी नसेल.

दत्तक घ्या आणि गप्प बसा

मुलगा गेला. घरात पुरुष वारस नाही. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सुचवलं, की एखादं लहान मूल दत्तक घ्या, तुम्हाला चांगली नेमणूक मिळेल, कारभार आम्ही बघतो. यामागे राघोबादादांचा हात होता.

अहिल्याबाईंनी साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मी एका सरदाराची बायको आणि दुसऱ्याची आई आहे, गादीवर कोण बसणार हे मी ठरवणार.

राघोबादादा फौज घेऊन माळव्याकडे आले. बाईंनी गायकवाड, भोसले यांना मदतीची पत्रं धाडली, फौजेची तयारी केली. राघोबांना निरोप गेला, की तुम्ही जिंकलात तर बायकांना हरवलं म्हणून कुणी कौतुक करणार नाही, आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पुण्याहून माधवराव पेशव्यांनीही अहिल्याबाईंचीच बाजू घेतली. राघोबादादांनी आपण मालेरावाच्या दुखवट्याला आलोय, असं सांगून वेळ मारून नेली.

यानंतर व्यवस्था ठरली ती अशी. फौज आणि मोहिमा तुकोजी होळकरांकडे, घरचा मुलकी कारभार आणि खासगी अहिल्याबाईंकडे. ही जोडी अहिल्याबाईंच्या शेवटापर्यंत, अठ्ठावीस वर्षं टिकली.

महेश्वर आणि मागावरचं कापड

त्यांनी राजधानीसाठी नर्मदेकाठचं महेश्वर निवडलं. जुनं तीर्थ, मजबूत किल्ला, समोर नदी. राहायला मात्र झगमगीत राजवाडा नव्हे, तर लाकडी खांबांचा साधा मराठी वाडा.

आता प्रश्न असा, की या गावात साडी कुठून आली?

त्यासाठी त्या काळात कापडाचं काम काय होतं ते बघू. आज आपण कार्यक्रमात शाल-श्रीफळ देतो, त्याचं मूळ दरबारी रिवाजात आहे. कुणाला सरदारकी दिली की 'वस्त्रं' दिली असं म्हणायचे. वकील आला, पाहुणा आला, तह झाला, लग्न झालं, की पागोटं, शेला, साडी द्यायचीच. कापड म्हणजे नुसता पोशाख नव्हे. ते सरकारी शिक्क्यासारखं होतं.

अहिल्याबाईंच्याच काळातलं उदाहरण घ्या. इंदूरजवळ तुकोजींचा तळ असताना देवीचंद नावाचा सावकार वारला. मूलबाळ नव्हतं. निपुत्रिकाच्या संपत्तीत हिस्सा मागायचा तुकोजींचा विचार होता. सावकाराची बायको थेट महेश्वरला पोचली. अहिल्याबाईंनी तिचं ऐकून घेतलं आणि तिला मानाचं वस्त्र दिलं. त्याचा अर्थ असा, की नवऱ्याच्या घराची आणि संपत्तीची मालकीण हीच. शिवाय तुकोजींना इंदूरहून तळ हलवायला सांगितलं. ज्या बाईचा स्वतःचा वारस गेला होता आणि जिला दत्तक घ्या म्हणून दटावलं गेलं होतं, तिने दुसऱ्या निपुत्रिक विधवेच्या हाती कापडाच्या रूपाने हक्क दिला.

मग ज्या राज्याला एवढं कापड लागतं, त्याने ते दरवेळी बाहेरून का आणायचं? सुरत, मांडू आणि दक्षिणेकडून विणकर कुटुंबं बोलावून अहिल्याबाईंनी त्यांना महेश्वरमध्ये वसवलं, असं तिथली परंपरा सांगते. निमाडची जमीन कापसाची, नर्मदेचं पाणी रंगकामाला, आणि दरबाराचं गिऱ्हाईक हमखास. धंदा उभा राहायला आणखी काय लागतं?

सुरुवातीला इथं पागोटी आणि नऊवारी साड्या विणल्या जायच्या. कापड सुती, सूत बारीक, साडी हलकी. पुढे उभ्या धाग्यात रेशीम आणि आडव्या धाग्यात सूत अशी वीण आली आणि आज आपण ओळखतो ती चकाकी त्याला मिळाली.

महेश्वरीची ओळख म्हणजे तिचे काठ. किल्ल्याच्या भिंतींवर आणि घाटाच्या पायऱ्यांवर जी नक्षी दगडात आहे, तीच धाग्यात आली. चटई, वीट, हिरा, चमेलीचं फूल, नर्मदेच्या लाटा. अंग साधं, बारीक चौकटीचं किंवा पट्ट्यांचं, आणि सगळा डौल काठापदरात. काठ दोन्ही बाजूंनी सारखा, त्यामुळे साडी उलटसुलट कशीही नेसता येते. म्हणजे ती जास्त टिकते, आणि बारा महिने घर चालवणाऱ्या बाईला आणखी काय हवं?

रंगांची नावं ऐका : डाळिंबी, गुलबक्षी, अंगुरी, जांभळा, तपकिरी. निमाडातल्या मागांवर अशी मराठी वळणाची नावं रुजली.

साधं अंग, नेमकी नक्षी, कुठेही भडकपणा नाही. ही चव कुठून आली हे कागदावर दाखवता येणार नाही. पण ज्या दरबारात मालकीण स्वतः पांढऱ्या साडीत बसते, तिथलं कापड असं निघालं यात नवल वाटत नाही.

त्यांचा दिवस कसा असायचा

माल्कमने त्यांची दिनचर्याही लिहून ठेवली आहे. पहाटे उजाडायच्या तासभर आधी उठायचं. स्नान, पूजा. मग पोथी ऐकायची, दानधर्म, स्वतःच्या देखरेखीखाली जेवणावळ आणि त्यानंतर स्वतःचं साधं शाकाहारी जेवण. थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो सूर्य मावळेपर्यंत. पुन्हा दोन-तीन तास पूजा आणि हलका फराळ. रात्री नऊला परत कामाचे कागद, ते अकरापर्यंत.

आपण आज ज्याला वर्क-लाईफ बॅलन्स म्हणतो, त्याची या वेळापत्रकात जागा शोधायला गेलात तर सापडणार नाही. घर आणि काम असे दोन कप्पेच नव्हते. वाडा हेच घर, तोच दरबार. मुक्ताबाई आणि पुढे तिचा मुलगा नथ्याबा हे याच वातावरणात डोळ्यांसमोर होते.

मुलगी थांबली नाही

मुक्ताबाईचं लग्न यशवंतराव फणसे यांच्याशी झालं होतं. जो वाटमाऱ्यांचा बंदोबस्त करील त्याला मुलगी देईन, असं अहिल्याबाईंनी जाहीर केलं आणि ते काम फणशांनी केलं, अशी गोष्ट सांगितली जाते. त्यांचा मुलगा नथ्याबा हा आजीचा जीव की प्राण.

१७९० साली तरुण नथ्याबा गेला. वर्षभरात, १७९१ साली यशवंतरावही गेले. आणि मुक्ताबाईने सती जायचं ठरवलं.

अहिल्याबाई तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. राज्यात त्यांचा शब्द कुणी मोडत नव्हतं. त्या मुलीच्या पाया पडल्या. मला एकटी टाकून जाऊ नकोस, म्हणून विनवलं. मुक्ताबाईचं उत्तर माल्कमला तीस वर्षांनंतरही लोकांनी सांगितलं. तू म्हातारी झालीस, थोड्या वर्षांत तूही जाशील, मग नवरा नाही, मूल नाही, आई नाही, अशी मी कशासाठी जगू?

१७५४ साली हाच प्रश्न अहिल्याबाईंपुढे होता. तेव्हा त्यांना मागे खेचायला नऊ आणि सहा वर्षांची दोन मुलं होती, म्हातारे सासरे होते. मुक्ताबाईला मागे खेचायला फक्त आई होती. ती कमी पडली.

अहिल्याबाई चितेपर्यंत चालत गेल्या. दोघांनी त्यांचे हात धरून ठेवले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा त्यांचा धीर सुटला. सोडवून घेता येईना म्हणून धरलेल्या हातांना त्यांनी चावे घेतले. मग सावरल्या, नर्मदेत स्नान केलं आणि वाड्यात परतल्या. तीन दिवस जवळजवळ काही खाल्लं नाही, तोंडातून शब्द काढला नाही. त्यानंतर लेकीच्या आणि जावयाच्या आठवणीत त्यांनी छत्री बांधायला घेतली.

आपल्या राज्यात त्यांनी सतीची चाल कायद्याने बंद केली नव्हती. एवढ्या अधिकाराच्या बाईलाही ते जमलं नाही किंवा सुचलं नाही. त्याची किंमत स्वतःच्या घरात मोजावी लागली. त्यांना देवी म्हणताना हा भाग गाळायचा नसतो, कारण तो गाळला तर त्या काळात बाईच्या अधिकाराला कुठं कुंपण होतं तेच कळत नाही.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी, सत्तराव्या वर्षी, अहिल्याबाई महेश्वरमध्येच गेल्या. नवरा, सासरा, मुलगा, नातू, जावई, मुलगी, सगळे त्यांच्या आधी गेले होते.

मागे काय राहिलं?

पुढे १८१८ मध्ये होळकरांची राजधानी इंदूरला गेली. दरबार गेला तसं गिऱ्हाईकही गेलं. नंतर गिरण्यांचं स्वस्त कापड आलं आणि महेश्वरचे माग हळूहळू बंद पडत गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर ही कला राहते की जाते अशी वेळ आली होती.

तिला पुन्हा उभं केलं ते होळकर घराण्यातल्याच रिचर्ड होळकर आणि सॅली होळकर यांनी. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी रेहवा सोसायटी सुरू केली. रेहवा हे नर्मदेचंच एक नाव. विणकर म्हणून तिथं प्रामुख्याने बायकांना घेतलं, आणि विणकरांच्या मुलांसाठी शाळाही सुरू केली. आई मागावर आणि पोरं शाळेत, अशी ती सोय. आज महेश्वरी साडीला भौगोलिक मानांकन आहे, आणि महेश्वरच्या गल्ल्यांत मागाचा खटखट आवाज येतो.

अहिल्याबाईंनी स्वतःची राहणी आणि आईपण यांचा मेळ कसा घातला, असं कुणी विचारलं, तर सरळ उत्तर असं की तो मेळ बसला नाही. राहणी रिवाजाने ठरवली आणि मुलं नशिबाने नेली. त्यांच्या हातात होतं ते म्हणजे खासगीचा पैसा आणि पहाटेपासून रात्री अकरापर्यंतचा दिवस. त्यातून त्यांनी औंढ्यासारख्या दूरच्या देवळाला शिखर दिलं, आणि महेश्वरच्या विणकरांना पिढ्यान् पिढ्या पुरेल असं काम दिलं.

पुढच्या वेळी दुकानात कुणी तुमच्यापुढे महेश्वरी उलगडली, तर तिचा काठ दोन्ही बाजूंनी बघा. सारखा असेल तर साडी खरी असण्याची ती एक खूण आहे. आणि औंढ्याला गेलात, तर कोरीव दगड बघून झाल्यावर शिखराकडेही एकदा मान वर करून बघा. तिथं राज्य निजामाचं होतं, पण पैसा आला तो नर्मदेकाठच्या एका विधवेच्या खासगीतून.